खुल्या स्टुडिओंची फेरी आणि शाळेतला चित्रकलेचा तास : पैसे कसे उभे करावेत?

ड्रॉइंगमास्तर (कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत गेली एकोणीस वर्षे चित्रकला शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी शिवाजी पेठेतील घराच्या माडीवर स्वतःची चित्रे रंगवतो. या वर्षी आम्ही बारा जणांनी, म्हणजे सात चित्रकार, तीन शिल्पकार आणि दोन कुंभार-मूर्तिकार यांनी, असे ठरवले आहे की वर्षातून एकदा दोन दिवस आपापल्या कामाच्या जागा सर्वांसाठी उघड्या ठेवायच्या. लोकांनी हातात नकाशा घेऊन एकेक जागा पाहत फिरावे, काम चालू असताना पाहावे, शंका विचाराव्यात, मन झाल्यास एखादे चित्र विकत घ्यावे. आणि यातून जो पैसा जमेल तो महापालिकेच्या ज्या शाळांत चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक नाही, तेथील चित्रकलेच्या तासासाठी वापरावा, अशी कल्पना आहे.

हा तास कोणत्या अवस्थेत आहे, हे येथील बहुतेक पालकांना ठाऊक असेल. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती पटसंख्या शंभराच्या वर असलेल्या शाळांसाठी. पहिली ते पाचवीसाठी तेवढीही नाही. त्यामुळे प्राथमिक शाळेत चित्रकलेचा तास वर्गशिक्षकच घेतात आणि गणिताचा पाठ मागे पडला की सर्वांत आधी तोच तास त्याच्या घशात जातो. पुढे ही मुले आमच्याकडे आठवीत येतात आणि एलिमेंटरीच्या परीक्षेला बसतात, तेव्हा वस्तुचित्र म्हणजे समोर ठेवलेली वस्तू पाहून काढायची, पाठ केलेली नव्हे, येथपासून मला सुरुवात करावी लागते.

या गावात आबालाल रहिमानांनी कोटितीर्थ तलावाची निसर्गचित्रे रंगवली, बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाचा कॅमेरा घडवला, आणि येथेच शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. त्याच गावातील सातवीच्या मुलाने काम करत असलेला चित्रकार एकदाही पाहिलेला नसतो, हे मला खटकते.

कल्पनेवर बाराही जणांचे एकमत झाले आणि पैशावर येऊन बैठक मोडली. एक गट म्हणतो की, त्या दोन दिवसांत जी विक्री होईल तिच्या वीस टक्के रक्कम प्रत्येकाने निधीत द्यावी. दुसरा गट म्हणतो की, विक्रीला हात लावू नये. नकाशाच शंभर रुपयांना विकावा आणि तोच प्रवेश समजावा. तिसरे मत एकट्याचेच आहे, पण ते मोठ्या आवाजात मांडले जाते. ते असे की, एखादा प्रायोजक गाठावा, त्याचा फलक प्रत्येक दारात लावावा आणि विषय संपवावा. असा उपक्रम कोणी केला असल्यास, किंवा शाळेच्या बाजूने असा निधी स्वीकारला असल्यास, कृपया अनुभव सांगावा. फेरी कधी घ्यावी, हेही अद्याप ठरलेले नाही.

भट्टीवाला (कोल्हापूर)

मास्तर, त्या बारांपैकी एक मीच आहे, हे आधी कबूल करतो, म्हणजे नंतर कोणी पक्षपाताचा आरोप करायला नको. बैठकीत मी फारसा बोललो नाही, कारण मला लिहिताना जास्त नीट सुचते.

आधी तारखेचे सांगतो, कारण ती चुकली तर बाकीचे सगळे फुकट जाईल. आमच्याकडे, म्हणजे बापट कॅम्प, शाहूपुरी किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत, उन्हाळा लागल्यापासून गणपतीपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. मूर्ती ओळीने वाळत असतात आणि लहान मुलाचा एक धक्का लागला तर चार सोंडा जातात. गणपती झाले की देवीच्या मूर्ती, त्यामागून पणत्या. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की आम्ही मोकळे होतो, हवाही कोरडी असते आणि मुलांच्या परीक्षा अजून लांब असतात. डिसेंबर उजाडला की शाळांची स्नेहसंमेलने सुरू होतात आणि शिक्षकांना श्वास घ्यायला सवड राहत नाही. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील शनिवार-रविवार हीच एक फट आहे, असे माझे मत आहे.

आता वीस टक्क्यांविषयी. चित्रकाराचे एक चित्र पंधरा हजारांना गेले तर त्यातले तीन हजार तो हसत देईल, कारण कॅनव्हास आणि रंग यांचा खर्च त्या किमतीच्या मानाने थोडा असतो. माझा चारशे रुपयांचा माठ गेला तर त्यात माती, जळण आणि भट्टीत तडकलेल्या दोन माठांची किंमत धरलेली असते. त्यातून ऐंशी रुपये काढले की माझ्या हातात मजुरीही उरत नाही. सर्वांना सारखा टक्का लावणे दिसायला न्याय्य दिसते, पण त्याचा भार सारखा पडत नाही. शिवाय विक्रीचा आकडा खरा किती, हे कोण तपासणार? मी माझ्या शेजाऱ्याच्या गल्ल्यात डोकावणार नाही आणि त्याने माझ्या गल्ल्यात डोकावलेले मला चालणार नाही.

त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या हातची एक लहान वस्तू निधीसाठी द्यावी, असे मला वाटते. चित्रकाराने पोस्टकार्डाएवढे जलरंग चित्र द्यावे, शिल्पकाराने तळहाताएवढे उठावशिल्प द्यावे, मी एक सुरई देईन. त्या वस्तू वेगळ्या टेबलावर, सर्वांची एकच किंमत ठेवून मांडाव्यात. ज्याला शाळेला मदत करायची आहे तो तेथून घेईल आणि बाकीच्या विक्रीत कोणाचाही हात राहणार नाही.

माणगावखोरे (कुडाळ)

कोल्हापूरकरांच्या चर्चेत कोकणातून तोंड घालतो, कारण आमच्याकडे हा प्रकार कोणतेही नाव न देता पूर्वीपासून चालत आलेला आहे. सिंधुदुर्गात मूर्ती घडवण्याच्या जागेला कारखाना म्हणत नाहीत, तिला गणपतीची शाळा म्हणतात. श्रावणात आमच्या वाडीतील मुले खरी शाळा सुटली की दप्तर घरी टाकून या दुसऱ्या शाळेत जाऊन बसत. पहिल्या वर्षी माती मळायची, दुसऱ्या वर्षी उंदीर करायचा, मग कधीतरी पाट रंगवायला मिळायचा आणि डोळे आखणे मात्र कायम म्हाताऱ्या मूर्तिकाराकडेच राहायचे. मी स्वतः उंदरापर्यंतच पोहोचलो.

हे सांगण्याचे कारण असे की, तुमच्या फेरीत पैसा कसा जमेल याची चर्चा भरपूर आहे, पण मुले त्या जागेत कधी आणि कशी येतील याविषयी कोणीच लिहिलेले नाही. ज्यांच्यासाठी निधी गोळा करायचा, ती मुले फेरीच्या दोन दिवशी कोठे असणार आहेत? पाहुण्यांच्या गर्दीत त्यांना आणून उभे केले तर त्यांना माणसांच्या पाठीच दिसतील.

आमच्याकडे पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या यांची परंपरा आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कुटुंबाने घराच्या गोठ्यातच संग्रहालय उभे केले आहे. तेथे गेलेला माणूस पोथीतील चित्र आणि ते चित्र समोर धरून कथा सांगणारा माणूस यांना एकाच ठिकाणी पाहतो आणि म्हणूनच ते त्याच्या लक्षात राहते. सावंतवाडीच्या राजवाड्यातही गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवणारे कारागीर पाहुण्यांसमोर बसून काम करतात. गोल पत्त्यावर दशावतारातील मत्स्य बोटाच्या पेराएवढ्या जागेत कसा उतरतो, हे छापील चित्र दाखवून मुलाला समजत नाही. ब्रशाचे टोक किती बारीक आहे, हे पाहिल्यावर समजते.

एक व्यावहारिक सूचना करतो. काम करणाऱ्या माणसाला दोन दिवस सतत तेच ते प्रश्न विचारले गेले की तिसऱ्या तासाला त्याचा चेहरा बदलतो. प्रत्येक जागेत पाहुण्यांशी बोलणारा एक वेगळा माणूस ठेवावा आणि कलाकाराने ठरावीक वेळीच प्रात्यक्षिक दाखवावे. बाकी वेळ त्याला मुकाट्याने काम करू द्यावे. त्यातही पाहण्यासारखे पुष्कळ असते.

सांताक्रूझकर (कॅलिफोर्निया)

मी गेली अकरा वर्षे कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ परगण्यात राहते (मुंबईतील सांताक्रूझशी याचा नावापुरताच संबंध आहे) आणि येथील खुल्या स्टुडिओंच्या फेरीत तीन वर्षे स्वयंसेवक म्हणून काम केले आहे. १९८६ पासून ही फेरी चालू आहे. ऑक्टोबरमधील तीन शनिवार-रविवारी ती भरते. एका आठवड्यात परगण्याचा उत्तर भाग, एका आठवड्यात दक्षिण भाग आणि उरलेल्या आठवड्यात दोन्हीकडील काही निवडक जागा, अशी तिची रचना असते. सुमारे तीनशे कलाकार आपले गॅरेज, परसातील शेड किंवा भाड्याचा गाळा उघडून बसतात.

येथील आयोजक म्हणजे परगण्याची कला परिषद. तीच परिषद शाळांतील कलाशिक्षणाचे कार्यक्रमही चालवते. कलाकार शाळेत जाऊन वर्ग घेतात, तो ‘स्पेक्ट्रा’ नावाचा कार्यक्रम याच परिषदेचा आहे. आयोजक सहभागी होणाऱ्या कलाकारांकडून प्रवेशशुल्क घेतात आणि विक्रीतून मात्र टक्का घेत नाहीत. विकलेल्या चित्राची रक्कम कलाकाराकडेच राहते. त्यामुळे भट्टीवाले दादांनी मांडलेला गल्ल्यात डोकावण्याचा प्रश्न येथे उद्भवतच नाही आणि कलाकारही पुढच्या वर्षी आनंदाने परत येतात.

तथापि, येथील पद्धत जशीच्या तशी उचलू नका, असेच मी सांगेन. तीनशे कलाकारांच्या शुल्कातून कार्यालय चालते. बारा जणांच्या शुल्कातून नकाशा छापून होईल इतकेच. पण एक गोष्ट मात्र जरूर घेण्यासारखी आहे. फेरीच्या आधी येथे प्रत्येक सहभागी कलाकाराची एकेक कलाकृती एकत्र मांडलेले प्रदर्शन भरते. लोक तेथे येतात, कोणाचे काम पाहावेसे वाटते ते ठरवतात आणि नकाशावर खुणा करून निघतात. हे नसेल तर सगळे पाहुणे नकाशावरील पहिल्या तीन जागांत गर्दी करतात आणि गावाच्या टोकाला असलेला मनुष्य दोन दिवस माश्या मारत बसतो. कोल्हापुरात दसरा चौकातील शाहू स्मारकाचे कलादालन यासाठी सोयीचे ठरेल, असे माझ्या आठवणीतील गावावरून वाटते.

प्रायोजकाच्या फलकाविषयी माझा अनुभव थोडक्यात सांगते. मी पुण्यात असताना एका निवासी संकुलातील अशाच उपक्रमात होते. तेथे प्रायोजकाने एवढे फलक लावले की एका आजोबांनी दारात येऊन येथे फ्लॅटची बुकिंग कधी सुरू होणार, असे विचारले.

ताळेबंद (सांगली)

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, त्यामुळे माझे उत्तर रूक्ष असेल, पण वेळीच वाचलेत तर मनस्ताप वाचेल.

पहिला मुद्दा असा की, बारा मित्रांचा गट ही कायद्याच्या दृष्टीने संस्था नव्हे. नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते. गणेशोत्सव मंडळे वर्गणीपूर्वी जी परवानगी घेतात ती हीच. ती तुम्ही घ्या, किंवा कलेसाठी अथवा शिक्षणासाठी काम करणाऱ्या एखाद्या नोंदणीकृत न्यासाला सोबत घेऊन त्याच्या खात्यात पैसे जमा करा. दुसरा मार्ग अधिक सुटसुटीत आहे, कारण हिशेबतपासणी त्यांची होतेच. कोणा एकाच्या वैयक्तिक बचत खात्यावर क्यूआर कोड लावून निधी गोळा करणे मात्र कृपया टाळा. हेतू कितीही शुद्ध असला तरी वर्षअखेरीस ती रक्कम त्याच्या नावावर दिसते आणि समजावून सांगता सांगता त्याच्या नाकी नऊ येतात.

दुसरा मुद्दा पावतीचा आहे. चित्र विकत घेणे म्हणजे देणगी नव्हे. गिऱ्हाइकाने पंधरा हजारांना चित्र घेतले तर त्याला वस्तू मिळालेली आहे. त्या रकमेवर त्याला देणगीची करवजावट मिळणार नाही, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे. शंभर रुपयांच्या नकाशाचेही तसेच आहे. कोणी निव्वळ देणगी दिली आणि न्यासाकडे देणगीदाराला करवजावट मिळवून देणारी प्राप्तिकर खात्याची मान्यता असली, तरच देणगीची पावती द्यावी. रोखीने दिलेल्या दोन हजारांवरील देणगीला वजावट मिळत नाही, आणि ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे त्यांना या वजावटीचा लाभच नाही. त्यामुळे ‘करात सूट’ असे मोठ्या अक्षरांत छापून लोकांना आकर्षित करू नये.

तिसरा मुद्दा शाळेकडे पैसे पोहोचवण्याचा. मुख्याध्यापकांच्या हातात पाकीट देऊन फोटो काढणे, ही त्यांच्यावरच टाकलेली जोखीम आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीच्या बैठकीत ठराव व्हावा, रक्कम न्यासाच्या धनादेशाने जावी आणि कोणत्या कामासाठी दिली ते ठरावात लिहिलेले असावे. पालकांना ठाऊक असलेला पैसा सहसा भरकटत नाही.

तिसरी घंटा (इचलकरंजी)

मी नगरपालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे त्या बाजूचे कोणी बोललेले दिसले नाही, म्हणून लिहिते.

माझ्या कारकिर्दीत आमच्या शाळेला चित्रकलेसाठी तीन वेळा मदत मिळाली. तिन्ही वेळा खडूपेट्या आल्या. तिन्ही वेळा मुलांना रांगेत बसवून त्या वाटण्यात आल्या, पाहुण्यांची भाषणे झाली, आणि त्या पेट्यांतील पिवळा व निळा रंग दिवाळीआधी संपून तपकिरी आणि पांढरा तेवढा शिल्लक राहिला. मी देणाऱ्यांना नावे ठेवत नाही. पण खडूपेटी ही मुलाच्या घरी जाणारी वस्तू आहे आणि शाळेतील तासाची अडचण वेगळीच आहे. तो तास घ्यायला माणूस नसतो. वर्गशिक्षिकेकडे पन्नास मुले, चार विषय आणि माहिती भरायची सतरा पत्रके असतात. तिने पाण्याचे डबे भरून, जलरंग मांडून, पुन्हा वर्ग पुसून काढावा, ही अपेक्षा मी स्वतः कोणाकडून केली नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, तुमचा पैसा वस्तूंवर नव्हे, तासांवर खर्च व्हावा. आपण साधा हिशेब करून पाहू. कलाशिक्षणाची पदविका घेतलेले आणि नोकरीच्या प्रतीक्षेत असलेले पुष्कळ तरुण आहेत. अशा एका शिक्षकाला तासाला ३०० रुपये मानधन दिले आणि आठवड्याला दोन तास याप्रमाणे वर्षातले ३० आठवडे धरले, तर एका शाळेचा वर्षाचा खर्च १८,००० रुपये होतो. तुमचे ४०० नकाशे खपले, तर ४०,००० रुपये येतील. भट्टीवाल्यांच्या टेबलावरील बारा वस्तू प्रत्येकी १,५०० रुपयांना गेल्या, तर आणखी १८,००० येतील. एकूण ५८,०००, त्यातून छपाईचे आणि फलकांचे ९,००० वजा केले तर ४९,००० उरतात. दोन शाळांचे मानधन ३६,००० जाऊन १३,००० हातात राहतात. त्यातून मुलांना स्टुडिओत नेण्या-आणण्याचे वाहन आणि वर्षभराचा कार्ट्रिज पेपर भागू शकेल.

मोह होईल की पाच शाळा घ्याव्यात आणि प्रत्येक शाळेला थोडे थोडे द्यावे. तसे करू नका. पाच शाळांत सहा महिने चालून बंद पडलेल्या वर्गापेक्षा दोन शाळांत वर्षभर चाललेला वर्ग मुलांच्या उपयोगाचा आहे. माझ्या शाळेत एकदा एका हौशी गृहस्थांनी मातीकामाचा वर्ग सुरू केला होता. चौथ्या आठवड्यानंतर ते आले नाहीत. पुढे दीड महिना मुले दर गुरुवारी माती भिजवून ठेवायची. त्यांना ‘आता भिजवू नका’ असे सांगण्याचे काम शेवटी मला करावे लागले.

माणगावखोरे यांच्या प्रश्नालाही उत्तर देते. मुलांना फेरीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, शाळेच्या वेळेत न्यावे. एका जागी एका वेळी पंचवीस मुले पुरेत. शुक्रवार हा शाळेचा दिवस असल्याने हजेरीचा आणि विम्याचा प्रश्न राहत नाही, सोबत वर्गशिक्षिका असते आणि तिलाही ते पाहायला मिळते. तिने पाहिलेले असले तर पुढे बाहेरच्या शिक्षकाच्या तासाकडे ती अडगळ म्हणून पाहणार नाही.

भट्टीवाला (कोल्हापूर)

बाईंचा शुक्रवार मला पूर्ण मान्य आहे. शिल्पकार मित्राने एकदा शेजारच्या दोन पोरांना पुतळ्याचा आतला सांगाडा दाखवला होता, त्याची आठवण झाली. माती चढवण्याआधी लोखंडी सळई आणि तारा वाकवून जो आकार करतात, तो पाहून त्यातल्या धाकट्याने विचारले की, कावळा नाक्यावरच्या ताराराणीच्या घोड्याच्या पोटातही असेच काही आहे का. रवींद्र मेस्त्रींनी केलेला तो घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे आणि त्याखालून आम्ही रोज जातो. तो पडत कसा नाही, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत सुचला नव्हता. त्या दिवशी मित्राने पोरांना काठीच्या टोकावर मातीचा गोळा तोलायला लावला आणि भार कोठे धरायचा ते दाखवले. शाळेत हा विज्ञानाचा धडा झाला असता की चित्रकलेचा, मला सांगता येणार नाही.

ड्रॉइंगमास्तर (कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आमची बैठक पुन्हा झाली. तुमची उत्तरे मी छापून नेली होती आणि या वेळी बैठक मोडली नाही.

वीस टक्क्यांचा प्रस्ताव ज्यांनी मांडला होता त्यांनीच मागे घेतला. माठाचा हिशेब त्यांनी आधी केलेला नव्हता, असे ते म्हणाले. नकाशा शंभर रुपयांना विकायचा, प्रत्येकाने एक लहान कलाकृती निधीच्या टेबलावर द्यायची आणि बाकी विक्री ज्याची त्याच्याकडे, असे ठरले. नकाशा विकत घेऊ न शकणाऱ्या माणसालाही दारातून परत पाठवायचे नाही, एवढी पुस्ती कुंभार बंधूंनी जोडली आणि ती सर्वांनी मान्य केली. नोव्हेंबरमधील शेवटचा शनिवार-रविवार पक्का झाला आहे, आदल्या शुक्रवारी मुले येतील. शाहू स्मारकाच्या कलादालनाची चौकशी एक जण करणार आहे. प्रायोजकाचा आग्रह धरणाऱ्या सदस्यांना पुण्यातील आजोबांचा किस्सा वाचून दाखवला; ते हसले, पण पूर्ण पटलेले नाहीत. छपाईचा खर्च कोणी उचलत असेल तर नकाशाच्या मागच्या बाजूस एका ओळीत त्याचे नाव द्यायला हरकत नाही, इतकी तडजोड आम्ही केली आहे. न्यासाचा शोध सुरू आहे, आणि तो न मिळाल्यास कलम ४१ क च्या परवानगीसाठी अर्ज करण्याची जबाबदारी मी घेतली आहे.

शाळा दोनच घ्यायच्या, यावर मात्र बराच वेळ गेला. बारा जणांपैकी प्रत्येकाच्या मनात स्वतःची लहानपणीची शाळा होती. शेवटी असे ठरले की, दोन शाळा पटसंख्या आणि शिक्षक नसणे या दोनच निकषांवर निवडायच्या आणि निवड करणाऱ्या तिघांपैकी कोणीही त्या शाळांचा माजी विद्यार्थी असता कामा नये. मी स्वतः या नियमामुळे निवड समितीतून बाहेर पडलो आहे.

एक शंका उरली आहे. आमच्यातील एका चित्रकाराने सुचवले की, त्या दोन शाळांतील मुलांची चित्रे शनिवार-रविवारी स्टुडिओंत मांडावीत आणि पन्नास-पन्नास रुपयांना निधीसाठी विकावीत. लोक हौसेने घेतील, याविषयी मला शंका नाही, तरीही काहीतरी बरोबर वाटत नाही. बाईंचे मत ऐकायला आवडेल.

तिसरी घंटा (इचलकरंजी)

मास्तर, तुम्हाला जे बरोबर वाटत नाही ते मलाही वाटत नाही. चित्र मुलाचे आहे, ते विकायचे की नाही हे त्याने आणि त्याच्या घरच्यांनी ठरवावे, आणि दुसरीतल्या मुलाला हा प्रश्न विचारला तर ते बाईंचा चेहरा पाहून ‘हो’ म्हणेल. शिवाय कोणाचे चित्र विकले गेले आणि कोणाचे तसेच भिंतीवर राहिले, हे सोमवारी वर्गात सर्वांना माहीत असेल. मांडायची असतील तर सर्वांची मांडा, किंमत न लावता, आणि रविवारी संध्याकाळी मोजून ज्याची त्याला परत करा.

परत करताना मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव आणि इयत्ता लिहिलेली आहे ना, ते आधीच पाहून घ्या. आमच्या शाळेच्या एका प्रदर्शनानंतर एकवीस हत्ती उरले होते आणि त्यांतला आपला कोणता, यावर तिसरीच्या वर्गात मारामारी झाली होती.